वाजलं की थांबायचं

गाडी अंगणात आली तेव्हा बापूरावांनी ती तीन बाजूंनी फिरून पाहिली. चौथ्या बाजूला गेले नाहीत, कारण तिथे जावई उभा होता आणि त्याच्या हातात किल्ली होती. ही किल्ली आज आपल्या हातात येणार हे त्यांना माहीत होतं. तीस वर्षं एस.टी. चालवलेल्या माणसाला किल्लीची धास्ती वाटावी ही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून ते टायरला हात लावून बघत राहिले.

जावई धनराज कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात गाड्यांच्या वर्कशॉपला होता. तिथल्या एका बड्या साहेबांनी बाहेरच्या देशातून ही सात जणांची लांबलचक गाडी आणली होती. साहेब बदलून गेले. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून गाडी कोणी घेईना, तेव्हा धनराजने घेतली आणि वर्षभर रात्रंदिवस खपून चालती केली. आता त्याच्या बायकोचे, म्हणजे बापूरावांच्या भाग्यश्रीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर धानोऱ्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून चार किलोमीटर आत. दिवसातून दोनदा बस. मोबाईलला रेंज नाही. आणि धनराजला कारखान्यातून पुढचे पंधरा दिवस सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून गाडी बापूरावांकडे राहणार होती.

"मामाजी, बसा," धनराज म्हणाला. "तुमची सीट लावून देतो."

बापूराव बसले. गुडघे स्टेअरिंगला लागले. डावा पाय क्लच शोधायला गेला आणि मोकळ्या जागेत पडला.

"क्लच नाई यात. डावा पाय आराम करते."

"तीस वर्षं त्यानं आराम नाई केला," बापूराव म्हणाले.

दाराच्या आतल्या अंगाला आकड्यांची तीन बटणं होती आणि खाली 'सेट' लिहिलेलं एक. एक दाबलं की धनराजची बैठक, दोन दाबलं की भाग्यश्रीची. तीन रिकामं होतं. धनराजने खालचा खटका ओढत खुर्ची मागे नेली, वर उचलली, पाठ सरळ केली, आरसे वळवले. मग 'सेट' दाबून तीन दाबलं. "झालं. आता गाडीनं तुमाले ध्यानात ठेवलं. बघा." त्याने एक दाबलं. खुर्ची गुरगुरत बापूरावांना घेऊन पुढे निघाली, आरसेही आपोआप फिरले. बापूरावांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. मग त्याने तीन दाबलं, आणि खुर्ची त्यांना पुन्हा होती तिथे घेऊन आली.

एस.टी.त सीट एकच असायची. माणूस सीटवर जाऊन बसायचा, सीट माणसाखाली येत नसे.

"अन् चुकून सेट दाबून एक दाबलं तर?"

"तर माझी पुसली जाईन, तिथं तुमची बसन."

बापूरावांनी बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. भाग्यश्री पडवीतून हे बघत होती. ती पोट सावरत आली, कपाळाची टिकली काढली आणि तीनच्या बटणावर चिकटवली. "बाबा, तुम्ही फक्त टिकली दाबत जा. बाकी कशाले हात लावू नका."

पुढे जाणं सोपं होतं. गाडी आवाज न करता जायची, आणि बापूरावांना आवाज नसलेली गाडी बंद पडल्यासारखी वाटायची, एवढंच. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेले, वळवून आणली. धनराज म्हणाला, "आता अंगणात मागं घ्या. मागच्या बंपरमध्ये चार डोळे आहेत. मागं काई असलं का हे वाजून सांगते."

बापूरावांनी रिव्हर्स टाकला. गाडी हळूहळू मागे सरकू लागली. टीं... टीं... मग टीं टीं टीं. आणि मग जे झालं ते बापूरावांच्या डोक्याला कळायच्या आधी पायाला कळलं होतं. पाय ॲक्सिलेटरवर दबला. टीं टीं टीं टीं, आणि गाडी मागच्या तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात अर्धी घुसली.

धनराज ओरडत धावला. कोंबड्या उडाल्या. शेजारच्या सोनीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "बापूभाऊ, तनीस बैलाले खाऊ द्या ना जी, गाडीले कायले चारता?"

गाडीला काही झालं नव्हतं. तणस मऊ होती. पण धनराजचा चेहरा उतरला होता. "मामाजी, वाजून राह्यलं होतं ना! वाजून राह्यलं तरी तुम्ही दाबता काऊन?"

डेपोत तीस वर्षांतली बावीस वर्षं बापूरावांच्या मागे सुकलू कंडक्टर होता. गाडी मागे घ्यायची असली की सुकलू उतरून मागे उभा राही आणि शिट्टी वाजवी. शिट्टी वाजत राहिली की येऊ द्या, जागा आहे. शिट्टी जलद झाली की बिनधास्त या. आणि शिट्टी थांबली की जागच्या जागी ब्रेक. शिट्टी थांबली म्हणजे मागे पोर आहे, म्हातारी आहे, खड्डा आहे. त्यांच्या पायाला आवाज म्हणजे चला, आणि शांतता म्हणजे मरण, असं पक्कं बसलेलं होतं. आणि या गाडीचं सगळं उलटं. जागा असली की गप्प. जागा संपली की ओरडणार.

त्यांनी हे धनराजला सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो भाग्यश्रीला बाजूला घेऊन बोलू लागला, पण पडवी लहान, सगळं ऐकू येत होतं.

"चाल, तुले घेऊन जातो. चंद्रपूरले दवाखाने आहेत. इथी काय भरोसा?"

"मी नाई येत."

"ऐक ना. आई असत्या तर गोष्ट वेगळी होती."

"आई नाई म्हणून माझं माहेर नाई का? बाबा आहेत ना."

बापूराव अंगणात उभे राहून बंपरला अडकलेली तणसीची काडी काढत होते. मग तिथूनच मोठ्याने म्हणाले, "जवाईबापू, मी शिकतो. तुमी जा."

हे म्हणाले खरं, पण स्वतःच्याच शब्दाची त्यांना धास्ती वाटली. कारण त्यांची बायको इंदिराबाई गेल्या तेव्हाही त्यांनी असाच झटक्यात होकार दिला होता.

दोन वर्षांपूर्वी, कार्तिकात, इंदिराबाईंना दोन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या म्हणाल्या, "आज नका जाऊ जी. मले बरं नाई वाटून राह्यलं." डेपोत त्या दिवशी एक ड्रायव्हर कमी होता. आदल्या संध्याकाळी डेपोवाल्यांनी विचारलं होतं, सिरोंच्याची गाडी नेता का, आणि बापूराव हो म्हणून बसले होते. तीस वर्षांत त्यांनी कधी 'जमत नाही' म्हटलं नव्हतं. डेपोत त्याची ख्याती होती. बापूरावांना सांगा, ते नाही म्हणत नाहीत. त्यांनी इंदिराबाईंच्या उशाशी पाणी ठेवलं, सोनीबाईंना लक्ष द्यायला सांगितलं आणि गेले. दुपारी ताप मेंदूत चढला. गावात त्या वेळी ट्रॅक्टरशिवाय वाहन नव्हतं. बापूराव तेव्हा दुसऱ्यांच्या घरची पंचावन्न माणसं घेऊन सिरोंच्याच्या रस्त्यावर होते. परत आले तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती आणि कोणी काही सांगायची गरज नव्हती.

धनराज गेला. बापूराव शिकू लागले.

रोज सकाळी ते अंगणात कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं उपडं ठेवत आणि गाडी त्याच्याकडे मागे आणत. टीं वाजलं की थांबायचं. वाजलं की थांबायचं. हे ते तोंडाने म्हणत. पहिल्या दिवशी डालं चिरडलं. दुसऱ्या दिवशी दुसरं चिरडलं. तिसऱ्या दिवशी सोनीबाईंनी आपलं डालं लपवून ठेवलं.

"भाऊ, तुमची गाडी डाले खाते म्हणून कोंबड्याच घाबरून राह्यल्या. अंडे द्यायच्या बंद झाल्या."

"तुमाले अंडे देतो मी इकत आणून. डालं द्या."

"नाई देत. माणूस उभा करा मागं, म्हणजे शिकाल."

"माणूस नाई करत," बापूराव म्हणाले, आणि ते इतक्या कडक आवाजात म्हणाले की सोनीबाईंनी लपवलेलं डालं आणून दिलं.

चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी जमलं. दहापैकी नऊदा पाय ब्रेकवर जायचा. पण दहाव्यांदा जायचा नाही. तेच दहावं त्यांना रात्री झोपू देईना. डोकं बरोबर असे. डोक्याला सगळं कळे. पण टीं टीं टीं जलद झालं की कुठून तरी सुकलू येऊन मागे उभा राही आणि पाय खाली जाई. तो कधी जाईल हे आधी कळत नसे.

भाग्यश्री बघत होती. एकदा म्हणाली, "बाबा, मागं घ्यायचं कामच काय आहे? आपल्याले पुढंच जायचं ना."

"हो ना," ते म्हणाले. "पुढंच जायचं."

गाडीची बाकी तयारी त्यांनी मन लावून केली. शेवटची रांग खटका दाबला की गाडीच्या तळात घडी होऊन जायची, तिथे गोधड्या आणि पाण्याची कळशी. मधल्या रांगेतली एक खुर्ची काढून पडवीत ठेवली, दुसरी पूर्ण मागे रेलेल अशी केली. गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे. रोज संध्याकाळी ती तशी उभी आहे ना हे ते तीनदा बघून येत.

कळा आठ दिवस आधी सुरू झाल्या. दुपारचे तीन वाजले होते. भाग्यश्री तांदूळ निवडत होती, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, चला."

सोनीबाई धावत आल्या. भाग्यश्रीला मधल्या खुर्चीत टेकवलं, त्या तिच्या पायाशी बसल्या. बापूराव पुढे बसले तर गुडघे स्टेअरिंगमध्ये अडकले. सकाळी भाग्यश्रीने गाडी पुसताना खुर्ची पुढे घेतली होती. त्यांनी टिकलीवर बोट ठेवलं. खुर्ची गुरगुरत निघाली. ती आपल्या चालीनंच जाणार होती, तिला घाई नव्हती. मागून भाग्यश्रीचा दाबलेला आवाज आला. खुर्ची अजून सरकत होती. आरसे अजून फिरत होते. मग एकदाची थांबली आणि बापूरावांनी गाडी काढली.

गावातून बाहेर जायला रस्ता एकच, तलावाच्या पाळीवरून. उजवीकडे पाणी, डावीकडे खोल उतार आणि खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. दोन्ही कडांना बेशरमीची झुडपं दाटलेली. पाळ सव्वाशे पावलांची आणि एका गाडीपुरती. अर्ध्यावर गेले तेव्हा समोरून गावातल्या पत्रूची बंडी आली. धानाचे भारे छतासारखे रचलेले, बैल मान खाली घालून चाललेले, आणि भाऱ्यांमुळे पत्रूला पुढचं काहीच दिसत नव्हतं. बैल गाडीपासून दोन हातांवर थांबले.

पत्रू भाऱ्यांवरून डोकावला. "बापूभाऊ, मागं घ्या! माझी बंडी मागं नाई जात."

ते खरं होतं. भरली बंडी मागे नेता येत नाही हे गावातल्या लेकरालाही ठाऊक. मागे जायचं तर मोटारीनेच. साठ पावलं.

बापूरावांनी रिव्हर्स टाकला. आरशात पाळ दिसत होती, तिच्या बाजूला पाणी चमकत होतं. गाडी सरकली. लगेच टीं झालं. मागे माणूस नव्हता, काही नव्हतं, बेशरमीच्या फांद्या होत्या. टीं टीं. वाजलं की थांबायचं. पण फांद्यांना थांबून कसं चालेल, फांद्या शेवटपर्यंत होत्या. म्हणजे वाजलं तरी जायचं. टीं टीं टीं. म्हणजे आता कशाला थांबायचं? मागून भाग्यश्री ओरडली, आणि आवाज जलद झाला, आणि पाय खाली गेला.

गाडी उसळून मागे गेली. सोनीबाई किंचाळल्या. बापूरावांनी ब्रेक दाबला तेव्हा गाडी तिरपी झाली होती आणि उजव्या आरशात पाळ नव्हतीच. नुसतं पाणी होतं.

त्यांनी गाडी बंद केली. ते उतरले आणि मागे जाऊन पाहिलं. चाक कडेवर होतं, वीतभर माती उरली होती. अजून एकदा पाय तसा गेला असता तर. आणि जाईल की नाही हे कोण सांगणार?

पत्रू खाली उतरून आला होता. मागून धान कापणारी त्याची चार माणसं विळे घेऊन आली. "काय झालं जी? घ्या ना मागं. तुमच्या गाडीले तर मागं डोळे आहेत म्हणे."

बापूरावांनी दाराच्या कडीला हात घातला. एकदा वाटलं, परत बसावं. जपून, एक एक हात. तीस वर्षं केलेलं काम. लोक बघत होते.

"बाबा," आतून भाग्यश्री म्हणाली. बाकी काही नाही.

"पत्रू," बापूराव म्हणाले, "मले नाई जमत."

"काय?"

"मले ही गाडी मागं नाई घेता येत. माझा पाय चुकते. मी घेतली तर पोरगी पाण्यात जाईन."

पत्रू त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या माणसांपैकी एक जण हसला. "तीस वर्षं लाल डब्बा चालवला भाऊनं, अन् हे डबडं मागं नाई जात?"

"नाई जात," बापूराव म्हणाले. "तुमी हसा. पण मले वाट द्या."

पत्रूने गाडीत डोकावून पाहिलं. भाग्यश्रीने खुर्चीचं हँडल दातावर दात दाबून धरलं होतं. सोनीबाई म्हणाल्या, "पाहून काय राह्यला, मुर्दाडा? ते भारे काय तुह्या पाठीवर लटकले आहेत?"

मग पत्रूने वेळ घालवला नाही. बैल सोडले आणि उतारावरून खाली बांधीत हाकलले. चौघांनी भारे ढकलायला घेतले, उजवीकडे, डावीकडे, जिथे जाईल तिथे. काही उतारावर अडकले, काही पाण्यात गेले आणि तरंगू लागले. दिवसभराची कापणी. बापूराव स्वतः भाऱ्यांना हात घालायला गेले तर पत्रू ओरडला, "तुमी गाडीपाशी राहा, भाऊ!" बंडी रिकामी झाली तेव्हा पाच जणांनी ती उचलून डाव्या उतारावर तिरपी उतरवली आणि चौघांनी जू खांद्यावर घेऊन धरून ठेवली.

"आता या. पुढं तर येते ना?"

बापूराव बसले. पत्रू समोर उभा राहिला, तोंड गाडीकडे, आणि उलट्या पावलांनी मागे चालत हाताने बोलवू लागला. बंडीची चौकट जवळ आली तशी गाडी पुढूनही वाजू लागली. टीं टीं टीं.

"वाजू द्या बाबा," भाग्यश्री धापा टाकत म्हणाली. "पत्रूभाऊच्या हाताकडे पाहा."

त्यांनी पत्रूच्या हाताकडे पाहिलं. हात हलत होता तोवर ते गेले. एकदा हात थांबला, ते थांबले. पत्रूने दगड पायाने बाजूला सारला, पुन्हा हात हलला. बंडीचं लाकूड दाराला घासत गेलं, लांब ओरखडा उठला. मग पाळ संपली.

मुख्य रस्त्यावर रेंज आली तेव्हा भाग्यश्रीने धनराजला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "निघालो." तिथून गडचिरोली तीस किलोमीटर, सगळं जंगल. बापूराव मागे वळून बघत नव्हते. आवाज ऐकत होते. भाग्यश्री ओरडली की त्यांना बरं वाटे. ती गप्प झाली की ते विचारत, "सोनीबाई?" आणि सोनीबाई म्हणत, "आहे जी, आहे. तुमी सामने पाहा." हे त्यांनी वीसेक वेळा विचारलं असेल. शेवटी सोनीबाई चिडल्या. "आता इचारलं तर मीच उतरून पायी जाईन."

जिल्ह्याच्या दवाखान्यात भाग्यश्रीला आत नेलं तेव्हा उजेड होता. बापूराव बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. शर्टाला धानाची कुसं चिकटली होती. धनराज कोरपन्याहून निघाला होता, त्याला यायला अजून दोन-तीन तास होते.

"जवाई आले का त्याले काय सांगाल?" सोनीबाईंनी विचारलं. "दाराचा ओरखडा दिसन."

"जे झालं ते सांगन."

"अन् पत्रूचं धान?"

"उद्या जाऊन काढतो पाण्यातून. जेवढं निघन तेवढं." मग म्हणाले, "सोनीबाई, त्या दिवशी तिनं मले थांबा म्हटलं होतं."

सोनीबाईंना कोण, कोणत्या दिवशी हे विचारावं लागलं नाही. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मले सांगितलं होतं तिनं. म्हणे, ते 'नाई' म्हणत नाई कोणाले."

"फक्त तिलेच 'नाई' म्हटलं."

सोनीबाईंनी पदराने त्यांच्या बाहीवरची कुसं झटकली.

दार उघडलं. आतून रडण्याचा आवाज आला, बारीक आणि रागावलेला. नर्स कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. "मुलगी आहे. आई बरी आहे. आजी कोण? घ्या."

सोनीबाई उठल्या, पण पुढे गेल्या नाहीत. त्यांनी बापूरावांना कोपर मारलं.

बापूराव उभे राहिले. भाग्यश्री झाली तेव्हा ते ड्युटीवर होते. चौथ्या दिवशी घरी आले होते, आणि पाळण्यातली पोर त्यांनी नुसती वाकून पाहिली होती. एवढं लहान त्यांनी कधी उचललंच नव्हतं.

"मले घेता येत नाई, बाई," ते नर्सला म्हणाले. "कसं धरायचं ते सांगा."

"बसा आधी," नर्स म्हणाली. "हात असा. नाही, हा नाही. डोक्याखाली. सैल सोडा, एवढा ताठ नको."

"असा?"

"असा."

ती त्यांच्या हातावर आली आणि रडतच राहिली.

"रडून राह्यली," बापूराव घाबरून म्हणाले.

"रडू द्या की," नर्स म्हणाली आणि आत निघून गेली.